उजवा आणि डावा कार्ब्युरेटर

नोएडा, सेक्टर २२
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय दिनकरकाका,

तुम्हाला आणि वैजयंतीकाकूला नमस्कार. घरची खुशाली आईच्या पत्रातून कळेलच, म्हणून मी सरळ मुद्द्यावर येते.

तुमची बदली देहूरोडला झाली तेव्हापासून तुमची मोटरसायकल आमच्या जिन्याखाली उभी आहे. आता सोसायटीत जो तो मारुती घेतो आहे आणि प्रत्येकाला तिच्यासाठी सावली हवी आहे. काल सेक्रेटरी चड्ढाजींनी बाबांना सगळ्यांसमोर विचारलं, "वो कबाड़ कब उठेगा, साहब?" बाबा हसले. दिल्लीत सरोजिनीनगरच्या क्वार्टरसमोर ही गाडी आली तेव्हा मी सातवीत होते. दर रविवारी तुम्ही ती खोलून बसायचात आणि मी पाने हातात द्यायचे. हवा आणि पेट्रोल मिसळतं कसं, हे शाळेच्या आधी मला तुमच्याकडून कळलं. तिला कोणी कबाड म्हणावं आणि आपण हसावं?

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. दिवाळीनंतर लागलेली माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात आमचं ऑफिस नेहरू प्लेसमधून नोएडाच्या फेज टूला जाणार. तिकडे अजून शेतं आणि अर्धवट बांधलेले कारखाने आहेत, बस जात नाही. स्कूटर बाबांना लागते. बाबा म्हणतात, मग एप्रिलअखेर नोकरी सोड. मला ती सोडायची नाही. लायसन्स माझ्याकडे आहे.

म्हणून विचारते: गाडीचे कार्ब्युरेटर उघडून पाहू का? आणि ती चालू झाली तर मी चालवू का? तुमचं उत्तर येईपर्यंत पान्यालाही हात लावणार नाही.

तुमची
सुनयना


देहूरोड
१५ फेब्रुवारी १९९४

सुनू,

परवानगी जिवंत गाडीसाठी मागतात. ती गाडी गेली. वैजूचा भाचा अंशुमन दिवाळीत तुमच्याकडे आला होता, त्याने किक मारून पाहिली. म्हणाला, काका, इंजिनच संपलं आहे. त्याला मोटारींतलं कळतं. तेव्हा घे तुला, काय वाटेल ते कर. भंगारवाल्याला दिलीस तरी मी विचारणार नाही. चड्ढाला मात्र सांग, ती तिथे उभी राहिली तेव्हा त्याच्याकडे सायकल होती.

कार्ब्युरेटर उघडण्यात वेळ घालवू नकोस. गाडी ठेवताना मी टाकी कोरडी केली होती आणि दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्यांचे खालचे स्क्रू काढून थेंब न् थेंब सोडला होता. तिथे काही बिघडलेलं असणं शक्य नाही.

नोकरीचं दादा म्हणतो तसं कर. तो तुझा बाप आहे.

दिनकर


नोएडा
६ मार्च १९९४

प्रिय दिनकरकाका,

नमस्कार. आज लिहिताना थोडा राग आहे आणि तो लपवायचा कसा हे मला कळत नाही, म्हणून तसाच राहू देते.

तुम्ही नको म्हणालात तरी मी कार्ब्युरेटर उघडले. "काय वाटेल ते कर" हे तुम्हीच लिहिलं होतंत. दोन्हींच्या वाट्यांचे स्क्रू इतके घट्ट बसले होते की एकाचं डोकं घासून गेलं. वाटी निघाली तेव्हा आत जुन्या वार्निशसारखा वास आणि तळाला हिरवट-तपकिरी डिंक. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट त्यात चिकटून बसलेला. पेट्रोल ज्याच्या बारीक भोकातून जातं तो छोटा जेट काढून खिडकीसमोर धरला तर पलीकडे उजेडच दिसेना. काका, कोरड्या वाटीत डिंक येत नाही. तुम्ही थेंब न् थेंब सोडला नव्हता. मला तसं सांगायला तरी नको होतंत.

सगळे भाग पितळी पातेल्यात पेट्रोलमध्ये भिजत घातले. पातेलं आईचं होतं, ते आता माझं झालं आहे. जेटच्या भोकात टाचणी घातलीस तर हात तोडीन, असं तुम्ही म्हणायचात ते लक्षात होतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार सोडवून ती फिरवत राहिले. मग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा मारली. वाट्यांचे गॅस्केट करोल बागेतून आणले. दुकानदार माझ्याशी बोलेनाच. "मैडम, मिस्त्री को भेज दो, आपको समझ नहीं आएगा." त्याने दिलेला गॅस्केट एका सिलिंडरच्या गाडीचा होता. मी तो काउंटरवर ठेवला आणि बरोबर मिळेपर्यंत तिथून हलले नाही. मागची गिऱ्हाइकं कुरकुरत होती. कुरकुरू देत.

पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा फक्त डावा सिलिंडर पेटत होता. उजव्या सायलेन्सरला हात लावला तर थंडगार. उजवा कार्ब्युरेटर पुन्हा उतरवला, पुन्हा तार, पुन्हा हवा. आज सकाळी दोन्ही पेटले. जिनाभर निळा धूर झाला आणि चड्ढाजी बाल्कनीत नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

तर गाडी चालू आहे. सगळं घरीच केलं, मिस्त्री लावला नाही. तुम्ही "घे तुला" लिहिलंत ते मेलेल्या गाडीबद्दल, म्हणून ती जिवंत झाल्याचं तुम्हाला कळवणं मला जरूर वाटलं. न कळवता चालवणं बरं दिसलं नसतं.

सुनयना


देहूरोड
१४ मार्च १९९४

चि. सुनयना,

मी खोटं बोललो, असं तू लिहिलंस. आर्मीच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं काढली. गाडी स्टोअरला लावताना कार्ब्युरेटर भरलेला ठेवणाऱ्याला मी स्वतः उभं करून झाडलं आहे. वाट्या मी रिकाम्या केल्या होत्या. डिंक कुठून आला ते तुमच्या घरात विचार.

आता आनंदाचं. दादाला माझी शाबासकी सांग! आयुष्यभर फायली चाळणाऱ्या माणसाने दोन कार्ब्युरेटर घरी उतरवून परत बसवले आणि दोन्ही सिलिंडर पेटवले, यावर इथे कोणी विश्वास ठेवेना. मी सगळ्यांना सांगितलं, रक्त एकच आहे.

अंशुमनला गुडगावला एका परदेशी कंपनीत नोकरी लागली आहे. गाडी चालू झाल्याचं वैजूने फोनवर सांगितलं तर पोरगा फोनवरच नाचला. तेव्हा ती त्याला द्यायचं मी ठरवलं आहे. तुला "घे" लिहिलं ते भंगार समजून, हे तूच कबूल केलं आहेस. शिवाय ती साडेतीनशे सीसीची आहे. पोरीला ती साधी स्टँडवरही घेता यायची नाही. रस्त्यात बंद पडली तर काय करशील? हे तुझ्या काळजीपोटीच लिहितो.

दिनकर


नोएडा
२२ मार्च १९९४

दिनकरकाका,

नमस्कार मनापासून आहे. पुढचं सगळं रागाने आहे.

कार्ब्युरेटर मी साफ केले. मी एकटीने. हे मागच्या पत्रात ठळकपणे लिहायचं राहून गेलं, कारण तुम्हाला दुसरं काही वाटेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्यांनी मला फ्लोट म्हणजे काय ते शिकवलं, तेच विचारतील कोणी केलं म्हणून?

तुमचं पत्र बाबांनी चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. "दादाला शाबासकी" आलं तिथे ते थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, अरे, हे पोरीने केलं. त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "दिनकरला कौतुक आहे हं." एवढंच. आणि बिस्किट बुडवलं. मी गाडीशी बसायचे त्या सगळ्या रविवारी ते वर्तमानपत्र घेऊन वर होते. एकदाच खाली आले, पायरीवर ग्रीस पडलं आहे हे सांगायला. मी वाट पाहत बसले, चहा संपला, ते उठले. काका, मला तुमच्यापेक्षा त्यांचा राग जास्त आला. पण तो त्यांच्या तोंडावर दाखवता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

स्टँडबद्दल. पाय स्टँडवर दाबायचा, मागचं हँडल धरायचं आणि वजन पायावर टाकायचं, हे तुम्हीच शिकवलंत. मी रोज घेते.

आता जे लिहिते ते लिहिलं नसतं तर माझ्याच फायद्याचं झालं असतं. दोन दिवस ते मनात ठेवून पाहिलं, झोप लागेना. तुम्ही म्हणालात, घरात विचार, म्हणून विचारलं. तुम्ही वाट्या रिकाम्या केल्याच होत्यात. मी तुम्हाला खोटं ठरवलं त्याबद्दल माफी मागते.

झालं ते असं. मी जयपूरला होस्टेलवर असताना दर दसऱ्याला आई गाडीची पूजा करायची. हळद-कुंकू, झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. मग वरच्या मजल्यावरच्या मलिकांचा ड्रायव्हर बाटलीतून पेट्रोल घालायचा, सुरू करून द्यायचा, लिंबावरून गाडी पुढे घ्यायचा आणि बंद करायचा. मग पुन्हा वर्षभर कोणी हात लावायचं नाही. म्हणजे दर दसऱ्याला वाट्या भरल्या आणि दर वर्षी ते पेट्रोल आतल्या आत वाळलं. तुम्ही कोरडे ठेवलेले कार्ब्युरेटर आम्ही पूजा करून बुजवले.

मी आईवर चिडले. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलंही नाही. म्हणाली, "पूजेच्या दिवशी गाडी मुकी ठेवायची का? तुझ्या काकाची आठवण म्हणून करत होते. थोडी धडधडली की बरं वाटायचं."

चूक आमच्या घराची होती, हे मान्य. पण ती निस्तरली मी. आणि अंशुमनने एक किक मारून गाडी मेली म्हणून सांगितलं, ते तुम्ही लगेच मानलंत. मी ती चालू केली, ते मानायला तुम्हाला बाबा लागले. हे मला अन्यायाचं वाटतं. गाडी तुमची आहे, कोणाला द्यायची हा तुमचा हक्क आहे. पण ती गेली की माझी नोकरी जाते, हे माहीत असून द्या.

सुनयना


देहूरोड
३१ मार्च १९९४

चि. सुनयना,

माफी मागितलीस, ठीक. वहिनीचा भाव चांगला होता, पण त्यामुळेच माझा निर्णय पक्का झाला. तुमच्या घरी गाडी पुजली जाते, सांभाळली जात नाही.

तू हे काम केलंस हे वाचून नवल वाटलं. दादाने शेजारी उभं राहून सांगितलं असेल, तरी हात तुझा होता हे खरंच. म्हणून एक तोड काढतो, म्हणजे कोणालाच वाईट वाटणार नाही. गाडी अंशुमनकडे राहील. तू महिन्यातून एखाद्या रविवारी गुडगावला जाऊन दोन्ही कार्ब्युरेटर पाहून देत जा. त्याला कामातून सवड नसते आणि तुझा हात हलका आहे. गाडीशी तुझा संबंधही राहील.

अंशुमन दहा तारखेला येईल. चावी तयार ठेव.

दिनकर


नोएडा
११ एप्रिल १९९४

दिनकरकाका,

अंशुमन काल येऊन गाडी घेऊन गेला. काय झालं ते तुम्हाला त्याच्याकडून कळेलच, पण माझ्याकडूनही कळावं.

तुमची तोड वाचल्यावर मी खाली गेले आणि दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले. वाट्या रिकाम्या केल्या, जेट पुन्हा पुसले, उजव्याला आणि डाव्याला वेगळ्या फडक्यात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवले. स्क्रू, क्लॅम्प, नवे गॅस्केट, सगळं आत. कोणता भाग कोणत्या बाजूचा ते कागदावर लिहून वर ठेवलं. एकही वस्तू मी ठेवून घेतली नाही. तुम्ही मोजून घ्या.

अंशुमन हेल्मेट घालूनच आला होता. गाडी पाहिली, खोकं पाहिलं, हसला. "ये क्या है यार, सुनयना? लगा दे ना, दस मिनट का काम है."

मी म्हटलं, "दहा मिनिटांचं आहे तर तूच लाव. मी पाने देते."

त्याला वाटलं मी चेष्टा करते. मी खरंच पाने आणून दिले. तो उकिडवा बसला, खोक्यात डोकावला, मग बाबांकडे पाहून म्हणाला, "काका, तुम्हीच बसवले होते ना आधी? आत्ता बसवून द्या, मी चहा घेतो तोवर." बाबा खाली आलेले होते. ते म्हणाले, माझा चष्मा वर आहे. वर गेले आणि आलेच नाहीत.

आईने अंशुमनला पोहे दिले आणि माझ्या हातात साबण. दुपारी त्याने टेम्पो बोलावला.

मी हे सूड म्हणून केलं का, असा विचार रात्रभर करते आहे. थोडा सूड असेलही. पण मला असं वाटतं: गाडी तुमची, ती तुम्हाला अखंड परत दिली. काम माझं होतं, तेवढं मी काढून घेतलं. ते गुडगावला जाऊन दर महिन्याला फुकट करायचं, आणि तेही संबंध राहावा म्हणून, हे माझ्याने होणार नाही. मी त्याची मिस्त्री नाही.

बाबांनी नोकरी सोडायचा अर्ज लिहून द्यायला सांगितलं आहे. मी अजून लिहिलेला नाही.

सुनयना


देहूरोड
२६ एप्रिल १९९४

सुनू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इतका संतापलो की वैजूने ते माझ्या हातातून काढून घेतलं. मोठ्यांशी असं वागायची पद्धत आपल्या घरात नाही. हे आधी लिहून ठेवतो.

नंतर अंशुमनचे फोन सुरू झाले. गुडगावच्या कोणा मिस्त्रीने कार्ब्युरेटर बसवले, पण गाडी फटफटते आणि पेट्रोल खाली गळतं. मी विचारलं, कोणत्या बाजूने गळतं, उजव्या की डाव्या? तो म्हणाला, काका, दोन आहेत का?

मी फोन ठेवला.

त्या रात्री मला सरोजिनीनगर आठवलं. तू माझ्यासमोर पाट घेऊन बसायचीस आणि जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचीस. मला मूल नव्हतं, तू हाताशी होतीस, म्हणून शिकवत गेलो. मला वाटायचं, पोर खेळते आहे. तू खेळत नव्हतीस हे मला कळलं नाही. आज कळलं, तेही दुसऱ्याच्या अडाणीपणावरून. कार्ब्युरेटर तू साफ केलेस, दादाने नाही. दादाला पाना कोणत्या बाजूने धरतात तेही माहीत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी त्याचं नाव घेतलं.

अंशुमनला गाडी टेम्पोत घालून तुझ्याकडे पाठवायला सांगितलं आहे. वैजू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गाडी तुझी. कागद तुझ्या नावावर करून देतो. फक्त एवढं कर, दादाची परवानगी असेल तरच चालव. त्याच्या घरात त्याला डावलून मी काही दिलं असं व्हायला नको.

दिनकरकाका


नोएडा
८ मे १९९४

प्रिय दिनकरकाका,

गाडी पोचली. उजव्या छोट्या जेटमध्ये त्या मिस्त्रीने टाचणी घातली होती, भोक मोठं झालं आहे. तो जेट मी फेकून दिला, नवा बसवला. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई कचऱ्याने अडकली होती, म्हणून गळत होतं. आता गळत नाही. दोन्ही सायलेन्सरच्या मागे हात धरून पाहिले, हवा सारखी लागते.

गाडी दिलीत ती मी घेतली. तिच्याबरोबर घातलेली अट घेत नाही, आणि का ते सांगते.

बाबा गाडीला नाही म्हणत नाहीत. ते म्हणतात, "एवढी जुनी मशीन, रस्त्यात अडली तर हिला काय कळणार?" काल मलिकांसमोर म्हणाले. मलिक त्यांना म्हणाले, दत्तात्रयजी, आपने ही तो ठीक की थी, आप सिखा दीजिए. आणि बाबा हो म्हणाले. मी तिथेच उभी होते, हाताला ग्रीस होतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्याही चेहऱ्यावर राग दिसला.

बाबा वाईट नाहीत. तुमच्या शाबासकीच्या पत्राची घडी अजून त्यांच्या खिशात आहे. ती त्यांना तुम्ही दिलीत, माझ्याकडून ती काढून घेववत नाही, आणि मी सांगितलं तर ते आगाऊपणा ठरेल. ज्या माणसाला माझ्या हाताला काय येतं हे कबूलच करायचं नाही, त्याच्या परवानगीवर तुम्ही मला सोडलंत.

उद्यापासून ऑफिस फेज टूला आहे. मी गाडीवर जाणार आहे. बाबांना तसं सांगितलं, विचारलं नाही.

तुमचं पत्र मी पुष्कळ वेळा वाचलं आणि रडलेही, ते खरं. पण काका, कार्ब्युरेटर मी साफ केले, हे तुम्ही मला लिहून काय उपयोग? मला ते माहीतच होतं.

बाबांना लिहा.

सुनयना